अपघाताच्या भरपाईवर इन्कम टॅक्स लागतो का? विमा कंपनीने ४५,००० कापलेत

तापीकाठ
नात्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. घरातला कर्ता माणूस महामार्गावर ट्रकच्या धडकेत गेला. जानेवारी २०२१ मध्ये जळगावच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला, जानेवारी २०२५ मध्ये निवाडा झाला. भरपाई १२ लाख, दावा दाखल केल्यापासून रक्कम जमा होईपर्यंत ७.५ टक्के सरळ व्याज. विमा कंपनीने पैसे भरले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. व्याज झालं साडेचार लाख, त्यातून १० टक्के म्हणजे ४५,००० टीडीएस कापून बाकीचे जमा केले.

वाटे असे: पत्नी ४० टक्के, दोन लहान मुलं प्रत्येकी २५, सासूबाई १०. मुलांचे पैसे कोर्टाच्या हुकमाने बँकेत मुदतठेवीत. पत्नी एका शाळेत क्लार्क, पगार महिना १५,०००.

गावात जो भेटतो तो वेगळं सांगतो. साडेसोळा लाखांवर टॅक्स भरायचा का? आणि कापलेले ४५,००० गेले की मिळतील?

भरीतपार्टी
अपघाताचे पैसे बठ्ठे माफ असतात भो. कोणी रिटर्न भरायला लावलं तर भरू नका, उगाच नजरेत याल.

हिशेबनीस
@भरीतपार्टी, अर्धं बरोबर आणि अर्धं महागात पडणारं. रिटर्न भरलं नाही तर ते ४५,००० सरकारकडेच राहतील. आणि नजरेत यायचं म्हणाल तर विमा कंपनीने पॅन टाकून टीडीएसचं विवरण भरलं की २६एएस आणि एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या नावाच्या नोंदींत) ते दिसतंच.

@तापीकाठ, दोन रकमा वेगळ्या काढा.

१२ लाख हे उत्पन्नच नाही. माणूस गेला किंवा हातपाय गेला त्याची ती भरपाई, भांडवली जमा. त्यामुळे त्यावर शून्य टॅक्स. न्यायाधिकरण रक्कम काढताना पगाराला वयाचा गुणक लावतं, म्हणून काहींना वाटतं की हा बुडालेला पगारच मिळाला, मग पगारासारखाच करपात्र. तसं नाही. पगार हे फक्त मोजायचं माप असतं.

भानगड आहे ती साडेचार लाख व्याजाची. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५६(२)(viii) खाली भरपाईवरचं व्याज 'इतर उत्पन्न' धरतात, आणि कलम १४५बी प्रमाणे ज्या वर्षी हातात आलं त्याच वर्षाचं. पाच वर्षांचं व्याज असलं तरी सगळं २०२५-२६ चं. त्याबदल्यात कलम ५७(iv) निम्मं वजा करू देतं, खर्चाची एकही पावती न मागता. ही निम्म्याची वजावट नव्या करप्रणालीतही चालते. पोर्टलवर लोक नेमकं हेच विसरतात आणि पूर्ण व्याज दाखवून बसतात.

पुरशिस
वरच्यात एक भर, आणि ती आपल्याकडच्या लोकांसाठी फार कामाची.

मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा (न्या. अकील कुरेशी, न्या. काथावाला) ८ ऑगस्ट २०१९ चा निकाल आहे. दावा दाखल केल्यापासून निवाड्यापर्यंतचं, आणि अपील झालं असेल तर उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंतचं व्याज हे उत्पन्नच नाही, तो भरपाईचाच भाग. टीडीएस कापायचं कलम आहे म्हणून रक्कम आपोआप करपात्र होत नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय. जळगाव, धुळे, नंदुरबार औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणजे निकाल आपल्याला लागू. निवाड्यानंतर कंपनीने पैसे अडकवून ठेवले त्या काळाचं व्याज मात्र या निकालाच्या संरक्षणात नाही.

तुमच्या आकड्यांत: जानेवारी २१ ते जानेवारी २५, चार वर्षांचे ३,६०,०००. पुढच्या एका वर्षाचे ९०,०००. या निकालाच्या आधाराने वाद फक्त ९०,००० चा उरतो.

हे सिद्ध करायला निवाड्याची प्रमाणित नक्कल लागते. शेवटच्या हुकमाच्या परिच्छेदात व्याज कुठल्या तारखेपासून आणि वाटे कसे, ते असतं. सोबत विमा कंपनीने पैसे भरताना दिलेला हिशेबाचा तक्ता घ्या. तो वकिलाकडे किंवा नाझरच्या (कोर्टात पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या) टेबलावरच्या फाइलीत असतो. दरखास्त (निवाड्याच्या वसुलीचा अर्ज) लावून पैसे वसूल झाले असतील तर तक्ता दरखास्तीच्या कागदांत शोधा, मूळ दाव्याच्या नव्हे. बरेच जण चुकीच्या फाइलीची नक्कल मागतात आणि पंधरा दिवस घालवतात.

तापीकाठ
मग रिटर्नमध्ये ९०,००० दाखवायचे की साडेचार लाख? आणि मुलांचं वेगळं रिटर्न का? मुलांचं पॅन काढलेलं नाही. कंपनीने सगळा टीडीएस आईच्याच पॅनवर टाकलाय.

हिशेबनीस
आता खरा प्रश्न आला. कंपनीने दोन चुका केल्यात.

मर्यादा दर माणशी असते. न्यायाधिकरणाच्या भरपाईवरचं व्याज एका माणसाला आर्थिक वर्षात ५०,००० पर्यंत असेल तर टीडीएस कापायचाच नव्हता. वाट्याने व्याज पाडा: पत्नी १,८०,०००, मुलं प्रत्येकी १,१२,५००, सासूबाई ४५,०००. म्हणजे सासूबाईंचे ४,५०० मुळात कापायलाच नको होते. आणि कापले ते सुनेच्या पॅनवर, ही दुसरी चूक.

मुलांचं सांगतो. अज्ञान (अल्पवयीन) मुलाचं उत्पन्न कलम ६४(१ए) ने आईबापांपैकी ज्याचं जास्त त्याच्यात मिळवतात. वडील नाहीत, म्हणजे आईत. तेव्हा मुलांचा टीडीएस आईच्या पॅनवर आलाय ते इथे सोयीचंच झालं. मुलाला कलम ८०यू मध्ये मोडणारं अपंगत्व असेल तर मिळवणी होत नाही, त्याचं उत्पन्न त्याचंच. आईवडील दोघंही त्याच अपघातात गेले असतील तरी मिळवणी नाही. अशा दोन प्रसंगीच मुलाचं पॅन काढून पालकाने त्याच्या नावाने रिटर्न भरायचं.

तुमच्या केसचा हिशेब, नव्या प्रणालीत:
पगार १,८०,००० वजा प्रमाणित वजावट ७५,०००, राहिले १,०५,०००.
आई आणि मुलांचं व्याज ४,०५,०००, त्याचं निम्मं २,०२,५००.
बेरीज ३,०७,५००. मुदतठेवींचं जानेवारी ते मार्चचं थोडं व्याज वर धरा.
२०२५-२६ ला चार लाखांपर्यंत टॅक्स नाही. म्हणजे टॅक्स शून्य, टीडीएस पूर्ण परत.

आता पुरशिस यांनी दिलेला निकाल वापरायचा का? माझं मत: इथे वापरू नका. निकाल भक्कम आहे, पण व्याज करमुक्त म्हणून बाहेर काढलं आणि त्यावरचा टीडीएस मात्र मागितला की संगणक अडतो. नियम ३७बीए म्हणतो, ज्या वर्षी उत्पन्न दाखवलं त्या वर्षी टीडीएसचं श्रेय. २६एएसमध्ये साडेचार लाख आणि रिटर्नमध्ये ९०,००० दिसले की आयकर खात्याच्या बंगळुरू केंद्राकडून कलम १४३(१) ची सूचना येते, श्रेय छाटलं जातं, मग दुरुस्ती अर्ज आणि अपील. सगळं दाखवूनही टॅक्स शून्यच येत असेल तर तत्त्वासाठी भांडायचं कशाला?

ज्याचा पगारच १५-१६ लाख आहे आणि स्वतःच्या दुखापतीची भरपाई मोठ्या व्याजासह आलीय, त्याने मात्र निकालाच्या बळावर निवाड्यापर्यंतचं व्याज करमुक्त उत्पन्नाच्या अनुसूचीत दाखवावं, नक्कल आणि तक्ता हाताशी ठेवावा, आणि सूचना येणारच हे धरून चालावं. तिथे ३०-४० हजारांचा फरक पडतो, भांडण परवडतं.

केळीबाग
शेतकऱ्याचं काय? रावेर-यावलकडे बहुतेकांचं उत्पन्न केळीचं, रिटर्न कोणीच भरत नाही. पाय गेलेल्या शेतकऱ्याला व्याज ३ लाख आलं तर शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून टॅक्स लावतात असं एकाने सांगितलं.

हिशेबनीस
लावतात, पण अट आहे. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर आणि शेतीव्यतिरिक्तचं उत्पन्न मूळ सवलतीच्या (करमुक्त मर्यादेच्या) वर, दोन्ही एकदम असेल तरच शेतीची रक्कम दर ठरवायला धरतात. ३ लाखांचं निम्मं दीड लाख, ते ४ लाखांच्या खूप खाली. केळीचे ७ लाख असोत की १७, फरक पडत नाही.

फॉर्म मात्र चुकवू नका. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या. तापीकाठ यांच्या केसलाही आयटीआर-२ च, कारण ५७(iv) ची वजावट आयटीआर-१ मध्ये मागायला जागा नाही; मुलांचं उत्पन्न आयटीआर-२ च्या एसपीआय (दुसऱ्याचं मिळवलेलं उत्पन्न) अनुसूचीत दाखवायचं.

केळीबाग
आणि ट्रक उलटून माल गेला त्याचा विमा? तोही अपघाताचाच पैसा.

हिशेबनीस
तो वेगळा. व्यापाऱ्याची केळी गेली आणि मालाच्या विम्याचे पैसे आले तर ती धंद्याची जमा, विक्रीऐवजी आलेली. पूर्ण करपात्र, मालाची खरेदी खर्चात आहेच. ट्रक पार भंगारात गेला आणि विमा आला तर ती रक्कम घसारा धरायच्या गटातून वजा करायची, म्हणजे पुढच्या वर्षांचा घसारा कमी होतो. गटात तो एकच ट्रक असेल आणि विमा उरलेल्या किमतीहून जास्त आला तर वरच्या फरकावर अल्पमुदतीचा भांडवली नफा. ड्रायव्हरच्या मोडलेल्या हाताची भरपाई या कशातच येत नाही. एका अपघातातून तीन चेक आले तर तिघांचे नियम तीन.

सातपुडा
धाग्यात मोठी गोष्ट राहिलीय. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मोटार अपघात न्यायाधिकरणाने व्यक्तीला दिलेलं व्याज करमुक्त करायचं आणि त्यावरचा टीडीएस बंद करायचा असं मांडलं. नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला त्या १ एप्रिल २०२६ पासून. ५६(२)(viii), निम्मी वजावट, ५०,००० ची मर्यादा, हे सगळं मोटार अपघातापुरतं आता इतिहासजमा.

पुरशिस
@सातपुडा, बरोबर. पण तापीकाठ यांचे पैसे जानेवारीत आलेत, म्हणून त्यांना जुनंच लागू. हातात कधी आलं त्यावर सगळं ठरतं. अपघात, दावा किंवा निवाडा कधीचा त्यावर नाही. २०१९ चा अपघात असला तरी कंपनीने २०२६ च्या मे महिन्यात पैसे भरले तर नवी सवलत.

वकिलांनी एक करावं: १ एप्रिलनंतर पैसे भरताना कंपनीच्या तक्त्यात सवयीने टीडीएसचा रकाना भरलेला दिसला तर तिथल्या तिथे हरकतीची पुरशिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्या. पैसे एकदा सरकारकडे गेले की परत आणायला पुढच्या वर्षाच्या रिटर्नपर्यंत थांबावं लागतं. टीडीएस कापल्यामुळे निवाड्याची रक्कम अपुरी भरली म्हणून दरखास्त चालू ठेवणंही अवघड, कारण कंपनी भरल्याचं प्रमाणपत्र दाखवते.

लोकअदालतीतल्या तडजोडीचंही सांगतो, कारण आपल्याकडे निम्म्या केसेस तिथेच मिटतात. पुरशिशीत 'व्याज व खर्चासह सर्व मिळून एकरकमी अमुक' असं लिहिलं की त्यात व्याज वेगळं उरत नाही. जुन्या काळात काही कंपन्या अशा रकमेतूनही मनानेच व्याज पाडून टीडीएस कापायच्या. म्हणून एक ओळ घालत जा: 'ही रक्कम भरपाईची असून त्यात व्याजाचा अंतर्भाव नाही, टीडीएस कापू नये.' कंपनीचा वकील सही करायला नाही म्हणत नाही. तडजोडीवर अपील नाही, तेव्हा ओळ राहिली तर राहिलीच.

रेल्वेकॉलनी
भुसावळकडून: गाडीतून पडून मृत्यू झाला की दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख. ही रक्कमही करमुक्त. पण नवी सवलत फक्त मोटार अपघाताला दिलीय. रेल्वे न्यायाधिकरणाच्या व्याजाला निम्मं करपात्र ही जुनी रीत चालूच. सूत्र एकच समजून लोक दोन्हीकडे लावतील, म्हणून लिहिलं.

डाळमिल
एमआयडीसीत मशीनमध्ये हात गेला तर? कामगार भरपाई?

हिशेबनीस
कामगार भरपाईची रक्कम करमुक्त. ईएसआयसीचा अपंगत्व लाभही. पण मालकाने सुट्टीच्या काळाचा पगार दिला तर तो पगारच, दुखापत झाली म्हणून करमुक्त होत नाही. मालक कधी कधी दोन्ही एकाच चेकने देतो आणि व्हाउचरवर 'मदत' लिहितो. वेगळी व्हाउचरं मागा.

पंतप्रधान सुरक्षा विम्याचे २ लाख (ज्याचे वर्षाला २० रुपये कापतात) किंवा शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे २ लाख, यांवरही टॅक्स नाही. महामार्गाला जमीन गेली त्याचे पैसे मात्र या धाग्यात आणू नका. तिथेही 'भरपाई' आणि 'व्याज' हेच शब्द आहेत, पण जमिनीच्या पैशाचे नियम निराळे. तिकडचा सल्ला इकडे लावल्यामुळेच अर्धा गोंधळ होतो.

परदेशी_पाहुणा
पुतण्या न्यू जर्सीत आहे, गाडीने उडवलं, तिथल्या विमा कंपनीशी तडजोड झाली. तिकडे टॅक्स? आणि तो आईवडिलांना अमळनेरला पैसे पाठवणार आहे, त्यावर?

सातपुडा
अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कलम १०४(ए)(२) आहे. शरीराला झालेल्या दुखापतीची भरपाई करमुक्त, त्यात बुडालेला पगार मोजलेला असला तरी. 'शारीरिक' हा शब्द १९९६ मध्ये घातला. त्यामुळे नुसत्या मनस्तापाची भरपाई करपात्र, त्यातून औषधपाण्याचा खर्च तेवढा वजा. दंडात्मक भरपाई आणि व्याज करपात्र. आधीच्या वर्षी उपचाराचा खर्च वजावटीत घेऊन फायदा उठवला असेल तर तेवढी रक्कम परत उत्पन्नात येते. तडजोडीच्या करारात कोणती रक्कम कशासाठी, हे सहीपूर्वी लिहून घ्यायला सांगा. नंतर वाटण्या करून चालत नाही.

आईवडिलांना पाठवलेले पैसे म्हणजे मुलाने दिलेली भेट. नातेवाइकाची भेट, तिला रकमेची मर्यादा नाही, टॅक्स नाही. त्या पैशांची ठेव केली की तिचं व्याज मात्र आईवडिलांच्या उत्पन्नात.

तापीकाठ
ठेवीचं आमच्याकडेही तेच का? मुलांच्या दोन ठेवी मिळून आठ लाखांच्या थोड्या वर.

हिशेबनीस
हो. ठेवीचं व्याज हे बँकेचं व्याज, न्यायाधिकरणाचं नाही. नवी सवलत याला लागू नाही, निम्मी वजावट तर कधीच नव्हती. सात टक्के धरले तर वर्षाला ५६ हजारांच्या आसपास, ते दरवर्षी आईच्या उत्पन्नात मिळवायचे. जुनी प्रणाली घेतली तर दर मुलामागे १,५०० सूट, नव्यात तीही नाही. व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळणार असेल तरी दरवर्षी साठलेलं दाखवत चला, नाहीतर मूल १८ चं होईल त्या वर्षी सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर येईल. टॅक्स बसत नसेल तर एप्रिलमध्येच बँकेत स्वयंघोषणापत्र द्या, ज्याला आपण आजवर १५जी म्हणत आलो. कोर्टाच्या ठेवी आहेत म्हणून बँक घेत नाही असं नसतं, खातं ज्या शाखेत आहे तिथेच द्यायचं एवढंच.

केळीबाग
जुन्या वर्षांचा टीडीएस राहिला असेल तर? आमच्याकडे २०२१-२२ मध्ये कापलेला आहे, रिटर्न कोणी भरलंच नाही.

पुरशिस
मिळू शकतो. उशिराच्या रिटर्नची मुदत गेली, आणि अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. कलम ११९(२)(बी) खाली विलंबमाफीचा अर्ज करायचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. २०२१-२२ चं करनिर्धारण वर्ष २०२२-२३, म्हणजे ३१ मार्च २०२८ पर्यंत. दावा १ कोटीपर्यंत असला की प्रधान आयुक्त निर्णय घेतात, त्यामुळे आपल्या रकमा तिथेच संपतात. अर्जासोबत निवाडा, १६ए (टीडीएसचं प्रमाणपत्र), २६एएस, मृत्यूचा दाखला, वारसांचे पॅन आणि उशिराचं कारण जोडा. 'माहीत नव्हतं' एवढंच लिहिलेलं पुरत नाही. घरातला कर्ता गेला, हिशेब पाहणारं कोणी नव्हतं, पैसे टप्प्याटप्प्याने आले, जे खरं असेल ते तारखांसह लिहा. माफी मिळाल्यावर मग त्या वर्षाचं रिटर्न पोर्टलवर भरायचं, तिथे माफीच्या आदेशाचा क्रमांक मागतात.

तापीकाठ
सासूबाईंचे ४,५०० कसे काढायचे? कंपनीच्या जळगाव कार्यालयात विचारलं तर म्हणाले टीडीएस विवरण मुख्य कार्यालयातून जातं, इथून काही होत नाही.

हिशेबनीस
तसंच सांगतात. दोन वाटा आहेत.

कंपनीकडे लेखी अर्ज द्या: निवाड्यातले वाटे, सासूबाईंचं पॅन, आणि नियम ३७बीए(२) खालची घोषणा की ४५,००० व्याज आणि ४,५०० टीडीएस त्यांच्या पॅनवर वळवावा. कंपनीने तिमाही विवरण दुरुस्त केलं की दोघींच्या २६एएसमध्ये बरोबर दिसेल. पोच घ्या. महिनाभर वाट पाहा, त्याहून जास्त नको, कारण रिटर्नची मुदत ३१ जुलै.

नाहीच झालं तर सुनेच्या आयटीआर-२ मध्ये टीडीएसच्या अनुसूचीत त्या नोंदीपुढे ४,५०० 'दुसऱ्या व्यक्तीकडे' म्हणून दाखवायचे आणि सासूबाईंचं पॅन टाकायचं. सासूबाईंच्या रिटर्नमध्ये उलट बाजूने सुनेचं पॅन टाकून तेवढेच मागायचे आणि ४५,००० व्याज, निम्मी वजावट दाखवायची. दोन्ही रिटर्न एकाच दिवशी भरा, रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे. आधी सासूबाईंचं आधार-पॅन जोडलेलं आहे का आणि बँकखातं पोर्टलवर पडताळलेलं आहे का बघा. परतावा अडकतो तो बहुतेक वेळा खात्यावरच्या नावाचं स्पेलिंग पॅनशी न जुळल्यामुळे. आपल्याकडे बाईंच्या नावात 'बाई' पॅनवर असतं आणि पासबुकावर नसतं.

तापीकाठ
पॅनवर 'बाई' आहे, पासबुकावर नाही. उद्या बँकेत जातो.